युरियाचं पोतं आणि मोथ्याचा उतार

यंदा १५ ऑगस्टला जोडून रविवार आला आणि पोट्ट्यांनी आठवडाभर डोकं खाल्लं, चिखलदरा चिखलदरा. आम्ही दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले, इथं जमीन अशी सपाट की वावराच्या धुऱ्यावर उभं राहिलं तरी उंच वाटते. झड उघडली की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, तेवढाच आमचा डोंगराशी संबंध. सोयाबीनचं निंदण आटोपलं होतं, वावरात गुडघाभर चिखल, फवारणी होणार नव्हती, म्हणलं चला.

सुट्टीच्या दिवशी चिखलदऱ्याला जाऊ नये हे अमरावती जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे आणि तरी सगळे जातात. परतवाडा सुटलं, धामणगाव गढीपासून घाट लागला आणि गाड्या मुंग्यांसारख्या. पोट्टे गाड्यांच्या नंबरच्या पाट्या मोजत बसले, २७ आपली, ३० अकोला, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३१ नागपूर, पुढं मध्य प्रदेशच्या आल्या तेव्हा मोजणं सोडून दिलं. वर नाक्यावर पावतीसाठी पाऊण तास. बायकोनं तिथंच डबा उघडला, पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी, बाजूच्या गाडीतल्या आजोबांनी खिडकीतून लोणचं दिलं. खरं सांगतो, त्या दिवसाचं निम्मं चिखलदरा मी त्या रांगेतच पाहिलं.

कारण बाकीचं दिसलंच नाही ना भाऊ. देवी पॉइंटला गेलो तर समोर पांढरं. मोझरी पॉइंटला पांढरं. गाविलगडाकडं हात करून पोरीला सांगितलं की १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी भोसल्यांकडून हा किल्ला घेतला, वेलस्लीच्या फौजेनं, ती म्हणते "पप्पा, पण किल्ला कुठं आहे?" आता काय सांगू. भीमानं किचकाला मारून दरीत फेकलं म्हणून किचकदरा, तेही सांगून झालं, पण दरीच नाही तर किचक कुठं फेकायचा. पंचबोलला आवाज पाच वेळा परत येतो म्हणतात, तिथं दोनशे माणूस एकदम बोंबलून राहिलं होतं, परत आलेला आवाज कोणाचा आणि गेलेला कोणाचा काही कळायला मार्ग नाही. तीस रुपयाला एक भुट्टा खाल्ला. भुट्टा मात्र झकास होता, निखाऱ्यावरचा, वरून लिंबू-तिखट.

दुपारी तीनला परत निघालो आणि मोथा गावाजवळ ट्राफिक असं अडकलं की लोकांनी गाड्या बंद करून दारं उघडली. इथं गवळ्यांची वस्ती, रबडी-खव्याची दुकानं. रबडी खाता खाता पोराचं लक्ष रस्त्याच्या आतल्या बाजूला गेलं, हिरवागार गवताचा उतार, तीस-चाळीस पावलांचा, खाली सपाट कुरण आणि त्यात तीन-चार म्हशी. दरीची बाजू पलीकडं, हे आधी सांगून ठेवतो नाहीतर आई वाचून फोन करेल.

आता आमचा एक भाचा सैन्यात आहे, त्याचं मागच्या हिवाळ्यात गुलमर्गला बर्फावर स्कीइंगचं ट्रेनिंग झालं. त्याचे व्हिडिओ घरात सगळ्यांना पाठ. पोरगा म्हणे, "पप्पा, दादासारखं करू." डिक्कीत चिखलाचे पाय ठेवायला युरियाचं रिकामं पोतं होतं, ४५ किलोवालं. कास्तकाराच्या घरी ह्या पोत्याचं काय होत नाही, पावसात एक कोपरा दुसऱ्यात खुपसून डोक्यावर घेतो, धान्य वाळवतो, गोठ्याला आडोसा करतो. पण हे पोतं किती गुळगुळीत असते ते त्यावर बसल्याशिवाय कळत नाही. ओल्या गवतावर ठेवलं तर ते एकटंच खाली निघून गेलं, आम्ही पाहतच राहिलो.

दुकानातल्या आजीला विचारलं, बसू का घसरत. त्या म्हणे, "घसरा ना बाबू, पन म्हशीच्या अंगावर नोका जाऊ."

पहिला पोरगा गेला. मग पोरगी. मग अकोल्याच्या गाडीतले दोन पोट्टे आले, यवतमाळच्या गाडीतून ताडपत्रीचा तुकडा निघाला, अर्ध्या तासात उतारावर रांग. म्हणजे रांग इथंही सुटली नाही, पण ही रांग हसून राहिली होती. शेवटी बायकोनं मला ढकललं, खरोखर ढकललं, मागून. भाच्यानं एकदा फोनवर सांगितलं होतं, मामा, थांबायचं असलं तर पायातल्या स्कीच्या पट्ट्यांची पुढची टोकं आत घ्यायची, टाचा बाहेर, नांगरासारखं. मी बसल्या बसल्या पाय तसे केले. पट्ट्या नाहीत ना पण, पोतं आहे! पोतं गर्रकन फिरलं, मी उलट्या तोंडानं खाली, आभाळ, धुकं, बायकोचे दात, सगळं एका ओळीत दिसलं आणि म्हशीपासून दोन हातावर थांबलो. म्हशीनं रवंथ थांबवलं नाही. पँटीची मागची बाजू हिरवी आणि काळी, अजून दोनदा धुऊन निघाली नाही.

साडेपाचला गाड्या हलल्या तर पोट्टे म्हणे एवढ्यात काऊन.

घाटात रेंज नव्हती, परतवाड्याला आल्यावर व्हिडिओ भाच्याला गेला. अंजनगाव येईपर्यंत उत्तर आलं, "मामा, टाचा बाहेर म्हणलं होतं, तुम्ही तर आत घेतल्या."