पुरानंतरचं आमचं किचन: खाली कडप्पा, वर प्लाय

22 जुलै 2021 ला चिपळूणमधे जो पूर आला त्यात आमचं तळमजल्याचं घर बुडालं, ओट्याच्या वर चार फूट पाणी होतं. ओसरल्यावर चिखल काढायला आलो आणि किचनचं दार ओढलं तर ते बिजागरीसकट हातात आलं. 2018 ला हौसेने केलेलं मॉड्युलर, बाहेरून लाल चकचकीत ॲक्रिलिक आणि आत पार्टिकल बोर्ड. तो बोर्ड पाणी पिऊन फुगला होता, बोट दाबलं की आत जात होतं, कडेच्या पट्ट्या सुटून भुसा लोंबत होता. सगळं फावड्याने भरून रस्त्यावर टाकलं. आई (सासूबाई) तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. पण 2005 च्या पुरात ह्याच जागी त्यांचं कडप्प्याचं किचन होतं, ते त्यांनी पाइप लावून धुतलं होतं आणि आठवड्यात परत तिथेच स्वयंपाक सुरू केला होता. ते कडप्पे 2018 मधे मीच हट्टाने फोडायला लावले, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढचे सहा महिने टेबलावर शेगडी ठेवून काढले, कारण ह्यावेळी घाई करायची नाही हे पक्कं होतं. रत्नागिरी, कोल्हापूर दोन्हीकडे जाऊन दुकानं बघितली. सगळीकडे आधी रंग दाखवतात, शटर कोणतं, हँडल कोणतं, आणि आतला डबा (कपाटाचा सांगाडा) कशाचा आहे ते आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. मी तेवढंच विचारत सुटले. एका ठिकाणी एचडीएचएमआर (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) सांगितलं, वॉटरप्रूफ आहे म्हणाले. मी विचारलं दोन दिवस पाण्यात बुडालं तर? तेव्हा म्हणाले नाही तसं नाही, दमट हवा चालते, सांडलेलं पाणी चालतं. मग आम्हाला काय उपयोग? पीव्हीसी बोर्ड पाण्यात टिकतो पण त्यात स्क्रू नीट धरत नाही, मोठी आडवी फळी असेल तर डब्यांच्या वजनाने मधे वाकते, ते आमच्या बहिणीकडे बघितलंय. पूर्ण स्टीलचं किचन फार आवडलं होतं पण कोटेशन साडेचार लाखाच्या वर गेलं, तो विषय तिथेच संपला.

प्लायबद्दल सुतारदादांनी खूप चांगलं समजावलं. एमआर प्लाय फक्त दमट हवेपुरता, त्याला ओल्या जागी लावायचा नाही. मरीन म्हणजे आयएस 710 ह्या भारतीय मानकाचा प्लाय, तो 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात आणि तरी थर सुटायला नको असतात. दुकानदार तोंडाने 710 म्हणतो म्हणून घेऊ नका, प्रत्येक शीटवर शिक्का असतो तो बघा, मी सगळ्या शीट उलटवून बघितल्या. आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवायच्या नाहीत, पाणी तिथूनच शिरतं. तरी दादाच म्हणाले, "वहिनी, वरती 710 करू, पण खालती दगडच घाला, सिंकखाली लाकूड कितीही भारी लावलं तरी ते रोजचं ओलंच राहणार."

मग आईंना विचारलं. त्या म्हणाल्या कडप्पाच घाल, पण आगळाची (कोकमाच्या आंबट रसाची) बरणी त्यावर ठेवू नकोस. हे एकदम खरं आहे, कडप्पा चुनखडीचा दगड, कोकम, चिंच, लिंबू, संडासचं ॲसिड, काहीही आंबट पडलं की पॉलिश जाऊन पांढरा डाग पडतो तो निघत नाही. म्हणून ओट्याला वरून ग्रॅनाइट आणि खाली उभे-आडवे कप्पे कडप्प्याचे, दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेले, कारण एकच बाजू पॉलिशची घेतली तर आतली खरखरीत राहते आणि फडकं अडकतं. सांधे नीट भरून घेतले, नाहीतर झुरळं तिथेच घर करतात.

सगळ्यात जास्त डोकेदुखी ट्रॉल्यांच्या मापाची झाली. आधी ट्रॉलीवाल्याकडून मापं घ्या आणि मगच गवंड्याला कडप्पा उभा करू द्या, दोन्ही बाजूंना चॅनलचा (ट्रॉली सरकते त्या पट्टीचा) अर्धा अर्धा इंच लागतो तो धरून. आमच्याकडे एक उभा कडप्पा खाली पावणा इंच आत आला होता, गवंडी म्हणत होता चालेल, पण ओळंबा लावून दाखवल्यावर त्यानेच काढून परत बसवला. लाकूड तासता येतं, दगड बसला की बसला. चॅनलसाठी दगडाला भोकं पण हळू पाडायला लागतात, कडेला जोरात ड्रिल मारलं तर कपचा उडतो.

ट्रॉल्या 304 ग्रेडच्या स्टीलच्या घेतल्या. लोहचुंबक लावून बघा असं सगळे सांगतात पण स्वस्तातल्या 202 ग्रेडला पण चुंबक चिकटत नाही त्यामुळे त्यावर जाऊ नका. आमच्या ट्रॉलीवाल्याने केमिकलचा थेंब टाकून दाखवला, 202 वर लालसर झाला, 304 वर नाही. कोकणातल्या हवेत 202 ला लवकर तांबेरा येतो म्हणून हे पैसे मी वाचवले नाहीत. दारं ॲल्युमिनियमच्या फ्रेमची, दिसायला साधी आहेत, मला आता आवडतात. सिलेंडरच्या कप्प्याच्या दाराला अगदी खाली जाळी ठेवली, गॅस हवेपेक्षा जड असतो, लीक झाला तर खालीच साठतो, वरच्या भोकांचा तिथे उपयोग नाही.

वरची कपाटं 710 ची, 12 इंच खोल, आतून पांढरं लॅमिनेट म्हणजे ओल किंवा वाळवी आली तर लगेच दिसेल. सगळं मिळून एक लाख नव्वद हजार झाले, त्यात ग्रॅनाइट आलं.

आता पावसाळ्यात वाशिष्ठी नदीचं पाणी वाढतंय असं कळलं की मी आणि मुलगा ट्रॉल्या भांड्यांसकट उचलून चॅनलमधून बाहेर काढतो आणि जिन्यावरून वर नेतो, सिलेंडर ह्यांच्याकडे. वीस मिनिटं लागतात. मागच्या खेपेला पाणी आलंच नाही, पण आई खुर्चीत बसून एकेक ट्रॉली मोजत होत्या आणि शेवटची वर गेल्यावर म्हणाल्या, "झालं, आता येऊ दे."