तालमीतला उजेड आणि तांबडी माती

फिल्मच्या रोलच्या काळात आमच्या कोल्हापुरात कुस्तीच्या तालमीतला फोटो काढायचा, तर ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे उजेड टिपायची ताकद) रोल १६००ला ताणून, म्हणजे जास्त वेळ, धुवावा लागायचा. आत एखादी खिडकी, एखादा पिवळा दिवा. फ्लॅश उडवला की वस्ताद खेकसलेच. रोलात फोटो ३६, त्यामुळं डाव ओळखता आला पाहिजे. पैलवानाचा पवित्रा बदलला की बोट आपोआप दबायचं.

आता कॅमेरा सेकंदाला वीस-वीस फोटो काढतो. डिजिटलची खरी करामत हीच, असं पुष्कळांना वाटतं. मला नाही वाटत. ढीगभर फोटो पडतात आणि रात्र निवडण्यात जाते. मला फायदा झाला तो आयएसओचा. ६४००ला बिनधास्त काढतो, शटर सेकंदाच्या १/५००ला ठेवतो आणि हौद्यातून, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यातून, उडालेली माती कणाकणानं दिसते.

नव्या भानगडीही आल्यात. तालमीत आता एलईडी ट्यूब आहेत. वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं स्वस्तातली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही. पण आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, की ते चित्र ओळीओळीनं टिपतं आणि फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात. मग खरा पडदा हलणारं मेकॅनिकल शटर आणि अँटी-फ्लिकर, म्हणजे लुकलुक चुकवून फोटो काढायची सोय. खटखट होते, होऊ दे.

रंगाचं दुखणं वेगळंच. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मुरवलेली ती तांबडी माती! कॅमेऱ्याच्या आपोआप रंग जुळवणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सला एवढा तांबडेपणा म्हणजे खोट वाटते, तो तिला पार फिकी करून टाकतो. म्हणून मी रॉमध्येच, म्हणजे कच्च्या फाइलमध्येच काढतो आणि रंग घरी बसून माझ्या डोळ्यानं लावतो.

एआय डीनॉइज, म्हणजे कमी उजेडातल्या फोटोवरचे दाणे पुसणारं सॉफ्टवेअर, तर जपूनच. दाणे पुसताना ते अंगावरची मातीही पुसतं. एकाच फोटोच्या दोन्ही प्रती वस्तादांना दाखवल्या. गुळगुळीत प्रत बघून म्हणाले, "ह्यो काय अंघोळ करून आलाय?" दाणेदार प्रत तालमीच्या भिंतीवर लागली.

त्या ढीगभर फोटोंना गिऱ्हाईक मात्र भलतंच मिळालं. सराव संपला की पोरं कॅमेऱ्याभोवती कोंडाळं करतात. फोटो कसा आलाय ते कुणी विचारत नाही. "दादा, जरा मागं घ्या की. पकड सुटली तवा माझा पाय कुठं हुता?"