तुम्ही विचारलंत म्हणून: आप्पांची टाकी

"जन्मभर विमानाच्या ऑक्सिजनच्या टाक्या भरल्या, मग आप्पांची छोटी टाकी का नाही भरली?" लग्नात विचारता, दारावर आल्यावर विचारता, अमळनेरच्या स्टँडवर उभं करून विचारता. एकदाच सांगतो.

दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनला तेल लागलं तर पेटायला काडीही लागत नाही. त्या कामाला असलो की आम्ही शेवभाजीचा हात साबणाने दोनदा धुवायचो, डोक्याला तेल लावायचो नाही. विमानाची वीज बंद, इंधन भरणं बंद. व्हॉल्व्ह अगदी हळू उघडायचा, कारण झटक्यात उघडला की पुढचा वायू एकदम दाबला जाऊन तापतो आणि आतलं सील पेट घेऊ शकतं. दाब १८५० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप) चढवताना टाकी हाताला गरम लागली की थांबायचं. घाई केली तर टाकी निवल्यावर दाबाचा काटा खाली येतोच.

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. चुलतभावाने ट्रॉलीत वेल्डिंगवाल्याची मोठी टाकी आणली, एक रिकामी छोटी आणि दोन्ही जोडायला तांब्याची नळी. नळी फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडची. मी तिच्या तोंडात पांढरं फडकं फिरवलं, ते तेलाने पिवळं होऊन बाहेर आलं. छोट्या टाकीच्या आट्यांना ग्रीस होतं. घट्ट बसावं म्हणून त्यानेच लावलं होतं. अंगणात ऊन रणरणत होतं, ओट्यावर खाटेवर आप्पा. बोटाला लावलेलं मशीन ऑक्सिजन ८४ दाखवत होतं.

"भाऊ, भरी दे ना. तुले येस ना हाई काम."

मी नाही म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हणालो. त्याने काही न बोलता टाक्या परत ट्रॉलीत चढवल्या. रात्री धुळ्यात बेड मिळाला. तिसऱ्या दिवशी आप्पा गेले.

नळी धुवायची होती, असं तुम्ही म्हणता. कशाने? घरात रॉकेल होतं, पेट्रोल होतं. दोन्ही मागे काहीतरी ठेवूनच जातात. अंगणात आठ माणसं, खाट दहा पावलांवर. ती नळी मी आजही जोडणार नाही. यात माझी चूक नाही.

पण बाराव्याला पंगत वाढताना डोक्यात आलं, टाकीतून टाकीत भरायचंच कशाला होतं? मोठ्या टाकीलाच बसणारा रेग्युलेटर, म्हणजे दाब कमी करून माणसाला थेट ऑक्सिजन देता येईल असं यंत्र, शोधायचा होता. तेव्हा कारखान्यांचा ऑक्सिजन दवाखान्यांकडे वळवत होतेच. चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस मी, आणि त्या दुपारी मला फक्त नळीतलं तेल दिसलं.

त्या आठवड्यात जळगावात रेग्युलेटर मिळाला असता का? नसता, असं मी स्वतःला सांगतो. पण मी कुणाला एक फोनसुद्धा लावला नव्हता.