धंद्यासाठी 8 नव्या पॅसेंजर व्हॅन घेतल्या, त्याचा माझा अनुभव

आमचं काम स्टाफ पिकअप-ड्रॉपचं. कंपन्यांच्या माणसांना शिफ्टप्रमाणे घरून घ्यायचं, कामावर सोडायचं, शिफ्ट सुटली की परत घरी. बरीच वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या गाड्या भाड्याने लावूनच चालवत होतो, स्वतःच्या फक्त दोन जुन्या व्हॅन होत्या. मग एका मोठ्या ग्राहकाने 3 वर्षांचं काँट्रॅक्ट देऊ केलं, पण अट अशी की गाड्या तुमच्या मालकीच्या आणि नव्या पाहिजेत, आणि शिफ्टला गाडी उशिरा पोचली की दंड. 7 रूट होते. एवढी मोठी खरेदी मी आधी कधी केलीच नव्हती. पहिल्या कोटेशनपासून शेवटच्या गाडीची चावी मिळेपर्यंत 5 महिने गेले आणि त्यात जे शिकले ते सगळं इथे लिहितेय, कोणी याच तयारीत असेल तर कामाला येईल.

सुरुवात मी चुकीच्या टोकाकडून केली. सरळ शोरूमला गेले, ब्रोशर घेतली, घरी येऊन किंमती आणि सीट यांची तुलना करत बसले. दोन आठवडे त्यातच गेले. आमच्याकडे सगळ्यात जुने ड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, त्यांनी एक दिवस विचारलं, "ताई, गाड्या बघताय ते ठीक, पण कुठल्या रूटसाठी बघताय?" मी म्हटलं सगळ्याच रूटसाठी. ते म्हणाले, "सगळे रूट सारखे कुठे आहेत?" आणि खरंच नव्हते.

मग एक महिना नुसत्या नोंदी ठेवल्या. प्रत्येक रूटचे दिवसाचे किलोमीटर किती, माणसं खरी किती बसतात (यादीत 14 असतात, येतात 10 किंवा 11), कुठे चढ आहे, कुठे गाडी सतत थांबत-थांबत जाते, इंजिन चालू ठेवून वाट किती बघावी लागते, आणि गाडी रात्री उभी कुठे राहते. या एका वहीने पुढचे अर्धे निर्णय सोपे केले. 2 रूट अगदी छोटे निघाले, एका फेरीला 8-9 किमी, सारखं थांबायचं आणि दिवसभरात 110 किमीच्या आसपास. बाकीचे 5 लांबचे, त्यातले दोन हायवेचे.

छोट्या रूटचं मुद्दाम सांगते कारण तिथे मी मोठी चूक करणार होते. सगळ्या डिझेलच घ्यायच्या असं जवळपास ठरलं होतं, एकच मॉडेल असलं की स्पेअर पार्ट एकच, कुठलाही ड्रायव्हर कुठलीही गाडी चालवू शकतो. पण नव्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडकवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला, आणि तो साचलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो तेव्हा आतलं तापमान साधारण 550-600 अंशांपर्यंत जावं लागतं. गाडी 8 किमी जाऊन बंद, परत 8 किमी जाऊन बंद, असं चाललं की ते जळणं अर्धवट राहतं, फिल्टर चोंदतो, डॅशबोर्डवर लाईट येते, गाडीची ताकद कमी होते आणि मग वर्कशॉप. एका ओळखीच्या ऑपरेटरच्या दोन गाड्या याच कारणाने महिन्यातून एकदा तरी उभ्या राहत होत्या. गाडीत दोष नव्हता, काम त्या गाडीचं नव्हतं एवढंच.

म्हणून छोट्या 2 रूटला इलेक्ट्रिक आणि बाकीच्यांना डिझेल असं ठरवलं. इलेक्ट्रिकमध्ये कंपनी जी रेंज सांगते त्याच्या 70 टक्केच मिळेल असं धरून हिशोब केला, कारण गाडी भरलेली असते आणि एसी कायम चालू असतो. चार्जिंगचा हिशोब मात्र गाडीच्या आधी करा, मी उलटं केलं. साधारण 70 युनिटची बॅटरी आणि 11 किलोवॅटचा चार्जर म्हणजे रिकामी बॅटरी पूर्ण भरायला 6-7 तास. आमच्या गाड्या रात्री 12 ला येतात आणि पहाटे 5 ला निघतात, म्हणजे 5 तास, रोज जेवढी बॅटरी खर्च होते तेवढी भरायला पुरतात. पण 2 चार्जर एकदम चालले की 22 किलोवॅटचा लोड, आणि आमच्या यार्डच्या मीटरला तेवढा लोड मंजूरच नव्हता. तो वाढवून घेण्यात जे आठवडे गेले ते गाड्या येऊन नुसत्या उभ्या राहण्यात गेले असते, सुदैवाने गाड्यांनाही उशीर झाला म्हणून निभावलं.

सीट किती घ्यायच्या यावर घरात आणि ऑफिसात भरपूर वाद झाला. माझ्या नवऱ्याचं म्हणणं सगळ्यात मोठी गाडी घ्या, एका फेरीत जास्त माणसं. मी मोठ्या व्हॅनच्या सुरक्षिततेबद्दल वाचायला लागले तर अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ता सुरक्षा संस्थेने 2001 मध्ये दिलेला इशारा सापडला, 15 सीटच्या व्हॅनमध्ये 10 किंवा जास्त माणसं बसली की एकाच गाडीच्या अपघातात ती उलटण्याचं प्रमाण कमी भरलेल्या व्हॅनच्या जवळपास तिप्पट. माणसं वाढली की गाडीचा गुरुत्वमध्य वर आणि मागे सरकतो, हे त्याचं कारण. त्या वेळच्या गाड्या आणि आताच्या यात फरक आहे, आता इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरायला लागली की चाकांना आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) येतो आणि तो नसलेली गाडी मी यादीतूनच काढली, पण वजनाचा नियम तोच राहतो. साधा हिशोब करून बघा, एक माणूस बॅगसकट 75 किलो धरला तर 14 माणसांचे 1050 किलो होतात. म्हणून गाडीचं एकूण परवानगी असलेलं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन हे दोन्ही आकडे कागदावर मागून घ्या आणि वजाबाकी करा, सीट आहेत म्हणजे तेवढं वजन चालेलच असं धरू नका. आम्ही शेवटी 13 सीटच्या घेतल्या, प्रत्येक सीटला तीन पॉईंटचा बेल्ट, टपावर कॅरियर नाही. आणि ड्रायव्हर लोकांना सांगून ठेवलंय, माणसं कमी असतील तर पुढच्या रांगा आधी भरायच्या.

टेस्ट ड्राईव्ह रिकाम्या गाडीत घेऊ नका, अगदी कळकळीने सांगते. रिकामी व्हॅन सगळ्यांचीच छान पळते. आम्ही ऑफिसची माणसं आणि ड्रायव्हर मिळून 12 जण बसवले, एसी फुल्ल केला आणि आमच्याच सगळ्यात वाईट चढावर नेली. एका मॉडेलने तिथेच दम टाकला. दुसऱ्याची गाडी चढली पण मागच्या दोन रांगांना एसीची हवाच पोचत नव्हती. मी स्वतः शेवटच्या रांगेत 40 मिनिटं बसले, खड्ड्यातून गाडी गेली की मागच्या माणसाचं काय होतं ते पुढे बसून कळत नाही. रात्रपाळी करून दमलेली माणसं रोज त्या सीटवर बसून घरी जाणार, त्यांना झोप लागली पाहिजे असं माझं मत आहे आणि त्यासाठी मी थोडे जास्त पैसे मोजले. उंचीचंही बघा. हाय रूफ गाडी आत उभं राहायला फार चांगली, पण ती अडीच मीटरच्या वर जाते आणि आमच्या ग्राहकाच्या बेसमेंटच्या तोंडाशी बार होता 2.1 मीटरचा. टेप घेऊन गेले होते म्हणून कळलं.

आता वर्कशॉपबद्दल, कारण माझ्या मते खरा निर्णय तिथेच होतो. किंमतीत चारपाच टक्के इकडेतिकडे झाले तर ते तीन वर्षांत विसरायला होतात, पण गाडी पार्टसाठी 12 दिवस उभी राहिली तर त्या 12 दिवसांचं भाडं जातं, बदली गाडी लावावी लागते, दंड पडतो आणि ग्राहक नाराज होतो ते वेगळंच, आणि हप्ता तर तसाच चालू. म्हणून मी तीन डीलरना एकच फॉर्म दिला आणि म्हटलं यातच भरून द्या. त्यात किंमत होतीच, शिवाय सर्व्हिस किती किमीला, लेबर तासाला किती, ब्रेक पॅड, क्लच सेट, पुढची काच, बंपर, साईड मिरर यांच्या आजच्या किंमती, कुठले पार्ट स्टॉकमध्ये असतात आणि कुठले मागवावे लागतात, ब्रेकडाऊन झाला तर किती तासांत माणूस येणार, गाडी 2 दिवसांपेक्षा जास्त अडकली तर बदली गाडी देणार का. एका डीलरने फॉर्म अर्धा भरून पाठवला आणि फोनवर म्हणाला बाकीचं आपण बघून घेऊ हो. त्याची किंमत सगळ्यात कमी होती. मी त्याला नाही म्हटलं, ऑफिसात सगळ्यांना आश्चर्य वाटलं.

उरलेल्या दोघांच्या वर्कशॉपला न सांगता गेले, काकांना घेऊन. व्हॅन उचलेल असे लिफ्ट किती आहेत ते मोजलं, कारण सगळे लिफ्ट एवढं वजन घेत नाहीत. मागच्या बाजूला किती गाड्या धूळ खात पडल्यात ते बघितलं. आणि काका तिथे थांबलेल्या ड्रायव्हरशी बोलत बसले. एका ठिकाणी तिघेजण म्हणाले सेन्सरसाठी कधीपासून थांबलोय. दुसऱ्या ठिकाणी संध्याकाळची शिफ्ट चालू होती, म्हणजे गाडी दुपारी टाकली की दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पिकअपला मिळू शकते. तिथूनच घेतल्या.

फायनान्समध्ये एकच गोष्ट सांगते पण ती महत्त्वाची आहे. मला एका ठिकाणी 8 टक्के व्याज सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी 11 टक्के, आणि मी 8 वाल्याला हो म्हणायला निघाले होते. आमच्या अकाउंटंटने थांबवलं. 8 टक्के हा फ्लॅट रेट होता, म्हणजे 5 वर्षं पूर्ण मूळ रकमेवर व्याज, हप्ते भरून मुद्दल कमी होत गेलं तरी. 100 ला 40 व्याज, 140 भागिले 60 महिने. तोच हप्ता रिड्यूसिंग पद्धतीने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून, बसवला तर दर जवळपास 14 टक्के निघतो. मग 11 टक्के रिड्यूसिंग स्वस्त की नाही ते तुम्हीच बघा. दर विचारताना कुठल्या पद्धतीचा ते आधी विचारा आणि एकूण किती भरायचे तो आकडा लिहून घ्या. कर्जाऐवजी लीजही बघितलं, पण त्यात वर्षाच्या किलोमीटरला मर्यादा होती आणि आमचे हायवेचे रूट ती आठ महिन्यांतच ओलांडत होते.

ऑर्डर एकदम दिली पण गाड्या तीन टप्प्यांत मागवल्या, आधी 2, मग 3, मग 3. पहिल्या दोन महिनाभर चालवल्या तेव्हा कळलं की पायरी उंच पडतेय, वयस्कर बायकांना चढताना त्रास होतोय, आणि सीटचं कापड हलक्या रंगाचं आहे. पुढच्या 6 गाड्यांना जास्तीची पायरी आणि गडद कव्हर आधीच बसवून घेतले. शिवाय सगळ्या एकाच दिवशी घेतल्या असत्या तर सर्व्हिस, इन्शुरन्स, टायर सगळं एकाच आठवड्यात येत राहिलं असतं.

डिलिव्हरीच्या दिवशी घाई करू नका. फोटो, हार वगैरे नंतर. प्रत्येक गाडीला आम्ही तासभर दिला. टायरवर शेवटचे चार आकडे असतात, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं, उदाहरणार्थ 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा, ते बघा. एका गाडीची स्टेपनी बाकीच्या टायरपेक्षा दोन वर्षं जुनी निघाली, बदलून घेतली. प्रत्येक बेल्ट ओढून बघितला, मागचे एसी व्हेंट, जॅक, दोन्ही चाव्या. आणि चॅसिस नंबर. 17 अक्षरं असतात आणि ती गाडीवरून वाचून कागदाशी जुळवायची, कागदावरून कागदावर नाही. आमच्या एका पॉलिसीत एक अक्षर चुकलं होतं. सेल्सचा मुलगा म्हणाला नंतर होईल दुरुस्त, मी म्हटलं दुरुस्त होईपर्यंत गाडी इथेच राहील. क्लेमच्या वेळी हीच एक चूक महागात पडू शकते. चार तासांत नवी पॉलिसी आली.

तुम्ही म्हणाल रूट 7 आणि गाड्या 8 का. यावरून माझं घरी सगळ्यात जास्त भांडण झालं. आठवी गाडी म्हणजे रिकामा हप्ता असंच सगळ्यांना वाटत होतं. पण 7 गाड्यांमधली कुठलीतरी एक सर्व्हिसला जाणारच, आणि मोकळी गाडी नसली की सर्व्हिस पुढे ढकलली जाते, मग छोटी गोष्ट मोठी होते. आता आठही गाड्या आळीपाळीने चालतात, रोज एक यार्डात असते, तिचं ऑईल, ब्रेक, टायरचं प्रेशर बघून होतं. मागच्या पावसाळ्यात पहाटे पावणेपाचला हायवेच्या गाडीचा क्लच गेला, काकांनी फोन केला, आठवी गाडी 20 मिनिटांत तिथे होती आणि माणसं शिफ्टला वेळेत पोचली.

या गोष्टीला आता 14 महिने झाले. पुढच्या महिन्यात अजून 2 गाड्या घ्यायच्या आहेत म्हणून डीलरचा तोच फॉर्म परत बाहेर काढलाय. काकांनी त्यात एक ओळ वाढवायला सांगितली, सरकत्या दाराचा रोलर, किंमत आणि स्टॉक. दिवसाला दोनशे वेळा दार उघडतं-मिटतं, आठातल्या तीन गाड्यांचा आधी तोच गेला.