बटाट्याला परवाना, ट्रकला मनाई

सायप्रसच्या उत्तर भागात पिकलेला शेतमाल दक्षिण भागात कायदेशीरपणे आणता येतो, हे इथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या अनेकांना ठाऊकच नसते आणि ज्यांना ठाऊक असते ते सहसा त्या भानगडीत पडत नाहीत. मला पडावे लागले, कारण लार्नाकामधल्या एका घाऊक भाजी व्यापाऱ्याकडे मी खरेदीचे आणि कागदपत्रांचे काम पाहते. पलीकडच्या बेयारमुदू गावचा बटाटा आपल्याला परवडेल, असे मालकांना कुणीतरी सांगितले आणि त्यांनी ते काम ‘बघ जमतंय का’ एवढ्या तीन शब्दांत माझ्या टेबलावर टाकले. ते जमले, पण ज्या एका गोष्टीपायी सगळा हंगाम हातचा जाण्याची वेळ आली, तिचा राग अजून पुरता गेलेला नाही. असा व्यवहार करू पाहणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. १९७४ पासून हे बेट दोन भागांत विभागलेले आहे: दक्षिणेत ग्रीक सायप्रसवासीयांचे मान्यताप्राप्त सरकार, म्हणजे सायप्रस प्रजासत्ताक, आणि उत्तरेत तुर्की सायप्रसवासी. उत्तरेकडील तुर्की सायप्रसवासीयांनी १९८३ मध्ये आपले स्वतंत्र राज्य जाहीर केले, पण तुर्कस्तान वगळता कुणीही त्याला मान्यता दिलेली नाही. २००४ च्या एप्रिलमध्ये एकीकरणाच्या आराखड्यावर दोन्हीकडे सार्वमत झाले. उत्तरेत सुमारे ६५ टक्के लोकांनी होकार दिला, दक्षिणेत सुमारे ७६ टक्के लोकांनी नकार दिला, आणि लगेच १ मे रोजी सायप्रस युरोपीय संघात गेला. कागदोपत्री संपूर्ण बेट संघात आहे, मात्र उत्तर भागात संघाचे कायदे स्थगित आहेत. उत्तरेचे एकाकीपण संपवू, असे संघाने तेव्हा जाहीर केले होते. त्यासाठी थेट व्यापाराचा जो नियम जुलै २००४ मध्ये मांडला गेला तो आजतागायत संमत झालेला नाही. उरतो तो ‘ग्रीन लाइन नियम’, म्हणजे संघाचा नियम क्र. ८६६/२००४ (ग्रीन लाइन म्हणजे दोन भागांमधली विभाजनरेषा), आणि त्याखाली माल फक्त ठरवून दिलेल्या नाक्यांवरून दक्षिणेत येऊ शकतो. एकदा दक्षिणेत आला की तो लार्नाका किंवा लिमासोलच्या बंदरातून युरोपात कुठेही जाऊ शकतो. उत्तरेतले फामागुस्ता बंदर दक्षिणेच्या सरकारने ऑक्टोबर १९७४ पासून बंद जाहीर केले आहे, तिथल्या एर्जान विमानतळावरचे विमान तुर्कस्तानात उतरल्याखेरीज पुढे जात नाही, आणि तिथल्या माणसाला पत्र पाठवायचे तर पत्त्यात ‘मर्सिन १०, तुर्कस्तान’ असे लिहावे लागते. आमच्या शेतकऱ्याला मी पाठवलेला पहिला करारनामा समुद्रापलीकडून फिरून त्याच्या हातात पडला. वास्तविक त्याचे शेत आमच्या गोदामापासून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे.

बटाट्याची कथा तर याहूनही जुनी आहे. उत्तरेतली लिंबूवर्गीय फळे आणि बटाटे पूर्वी ब्रिटनमध्ये जात असत. उत्तरेच्या कचेऱ्यांनी दिलेले मूळस्थानाचे आणि वनस्पती-आरोग्याचे दाखले तिथे स्वीकारले जात. जुलै १९९४ मध्ये युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की मान्यताप्राप्त सायप्रस सरकारखेरीज दुसऱ्या कुणाचेही असे दाखले ग्राह्य धरता येणार नाहीत, आणि ती वाट आटली. आज उत्तरेतल्या शेतावर वनस्पती-आरोग्याची तपासणी करायला तिथला सरकारी निरीक्षक चालत नाही, युरोपीय आयोगाने नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ यावे लागतात, त्याचे मूळ याच निकालात आहे.

हे तज्ज्ञ, खरे सांगायचे तर, सगळ्या प्रकरणातले सर्वांत सरळ लोक निघाले. ठरल्या दिवशी आले, शेत पाहिले, काढणीनंतर पोती पाहिली आणि अहवाल देऊन गेले. त्यांचा कटाक्ष एकाच गोष्टीवर होता, तो म्हणजे पीक प्रमाणित बेण्यापासून थेट घेतलेले आहे की नाही. शेतकऱ्याने बेण्याच्या पिशव्यांवरची छापील लेबले एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली होती, त्यामुळे तो प्रश्न जागच्या जागी मिटला. अहवालाच्या आधारे तुर्की सायप्रस व्यापार मंडळाने मालासोबत न्यायचा दाखला दिला. दक्षिणेकडील जकात अधिकारी हाच दाखला ग्राह्य धरतात. आयोगाने त्या मंडळाला त्यासाठी अधिकृत केलेले आहे. माल उत्तरेतच पिकलेला हवा, किंवा त्यावरची शेवटची महत्त्वाची प्रक्रिया तिथे झालेली हवी. तुर्कस्तानातून आलेला माल या मार्गाने खपवता येत नाही. जकात लागत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ही आयात नव्हेच. मूल्यवर्धित कराचा हिशेब मात्र लेखापालाकडून आधीच करून घ्यावा.

इथपर्यंत सारे सुरळीत होते. पोती शेडमध्ये रचलेली, दाखल्यावर शिक्का, गिऱ्हाईक हॉटेलांना तारीख कळवलेली. आणि मग शेतकऱ्याच्या नेहमीच्या वाहतूकदाराने विचारले, “माल न्यायचा कशातून?”

त्याच्याकडे धडधाकट ट्रक होता. पण साडेसात टनांपेक्षा जड असलेले उत्तरेतले मालवाहू वाहन नाक्यावरून दक्षिणेत येऊ शकत नाही. वाहन रस्त्यावर धावण्यास योग्य असल्याचा उत्तरेतला दाखला आणि चालकाचा व्यावसायिक परवाना ज्या कचेऱ्या देतात त्या कचेऱ्यांनाच दक्षिणेत मान्यता नाही. हाच गृहस्थ सुटीच्या दिवशी स्वतःच्या मोटारीत बायकोमुलांना बसवून, नाक्यावर विम्याचा कागद घेऊन, लार्नाकाच्या किनाऱ्यावर जेवायला येतो. पण त्याच हातांत ट्रकचे चाक आले की तो चालक उरत नाही. मालासंबंधीचा नियम एवढ्या बारकाईने लिहिणाऱ्यांना तो माल कशात तरी घालून आणावा लागेल हे सुचले नसेल, असे मला वाटत नाही. सुचले असणार, आणि कुणीतरी ते तसेच राहू दिले असणार.

मी दक्षिणेतल्या एका कचेरीत गेले. खिडकीतल्या अधिकाऱ्याने दाखला वाचला, तज्ज्ञांचा अहवाल वाचला, मान डोलावली आणि म्हणाला, “मालाला काही हरकत नाही. गाडी येऊ शकत नाही.” मग माल कसा यावा, यावर त्याचे उत्तर होते की तो त्याच्या विभागाचा विषय नाही. ज्या विभागाचा होता, तिथे सांगण्यात आले की तुर्की सायप्रसवासी हे प्रजासत्ताकाचे नागरिकच आहेत, तेव्हा त्यांनी इथला व्यावसायिक परवाना काढावा, ट्रकची इथल्या केंद्रात तपासणी करून घ्यावी आणि खुशाल यावे. तत्त्वतः यात खोट काढता येत नाही. पण तपासणीसाठी तो ट्रक दाखल्याशिवाय इथवर आणायचा कसा, असे मी विचारले तेव्हा त्या बाईंनी खांदे उडवले आणि माझ्यामागच्या माणसाला पुढे बोलावले. इकडे वाहतूकदाराला ती कल्पनाच मान्य नव्हती. दक्षिणेचे कागद घेऊन फिरणाऱ्याकडे त्याच्या गावात कसे पाहतात हे त्याने मला सविस्तर ऐकवले, आणि त्यात मला बोलायला जागा उरली नाही.

मग दक्षिणेतला ट्रक उत्तरेत पाठवण्याचा विचार केला. इथला विमा तिथे लागू होत नाही. नाक्यावर वेगळा घ्यावा लागतो आणि त्यात फक्त समोरच्याचे नुकसान भरून निघते. वाटेत गाडी बंद पडली तर ओढून कोण आणणार, हा प्रश्न प्रत्येक ट्रकमालकाने विचारला आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. एकाने चांगले भाडे ठरवून होकार दिला, पण दुसऱ्या दिवशी फोन करून नकार कळवला. १९७४ मध्ये त्याच्या वडिलांचे घर फामागुस्तात राहून गेले होते आणि तिकडे भाड्याने माल उचलायला जाणे घरच्यांना रुचले नव्हते. त्याच्याशी मी वाद घातला नाही. खिडकीमागच्या लोकांचा मला जो राग आला तो या माणसाचा येऊ शकला नाही.

एव्हाना मे महिन्याचे ऊन तापले होते. शेडच्या पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडाने वरच्या थरातले बटाटे हिरवट पडू लागले होते. शेतकरी रोज संध्याकाळी एक बटाटा कापून त्याचा फोटो मला पाठवी, सोबत एक अक्षरही लिहीत नसे. हॉटेलवाल्यांचे फोन चालू होते. मालकांनी आपल्याच भागातल्या लाल मातीच्या गावांतून पर्यायी मालाचा भाव मागवून ठेवला होता आणि तो भाव दिवसागणिक उतरत होता.

शेवटी सुटका झाली ती वजनाच्या त्याच मर्यादेखालच्या छोट्या टेम्पोमुळे. माल लहान खेपांमध्ये विभागला. दाखल्यावरचे वजन आणि गाडीतले वजन जुळावे लागते, त्यामुळे प्रत्येक खेपेचा वेगळा दाखला करून घेतला. व्यापार मंडळाने त्यासाठी कुरकुर केली नाही, ही नोंद करायलाच हवी. वाहतुकीचा खर्च इतका वाढला की मालकांनी अपेक्षिलेला फायदा बहुतांशी तिथेच संपला. पेर्गामोसचा, म्हणजे बेयारमुदूचाच, नाका ब्रिटिशांच्या ढेकेलिया तळाला लागून आहे, त्यामुळे तिथे तळाचे जकात कर्मचारीही असतात; एका पोत्यामागे तीन अंमल पाहायला मिळतात. पहिल्या खेपेच्या वेळी एका कर्मचाऱ्याने मधले पोते बाहेर काढायला लावले, शिवण उसवली, एक बटाटा अंगठ्याने चोळून त्यावरची तांबडी माती झटकली, दाखल्यावरचा किलोंचा आकडा पुन्हा वाचला आणि हाताने ‘जा’ म्हणून खूण केली. टेम्पो गोदामात शिरला तेव्हा मी जी आरोळी ठोकली ती अस्सल कोल्हापुरी होती आणि तिचा अर्थ विचारायचे धाडस कुणी केले नाही.

आता आठवेल तसे सांगते. वाहनाची चौकशी सर्वांत आधी करावी, बी पेरण्याआधी केली तरी हरकत नाही. पैसे कसे द्यायचे हेही लवकर ठरवावे. उत्तरेतल्या बँकांचे व्यवहार तुर्कस्तानातल्या बँकांमार्फत होतात, त्यात वेळ जातो आणि पैसेही कापले जातात. भाव युरोत ठरवावा, कारण तिथले चलन तुर्की लिरा आहे आणि करारापासून पावतीपर्यंत त्याचे काय होईल सांगता येत नाही. बेण्याची लेबले राहिलीच: ती शेतकऱ्याने ठेवली आहेत की नाही हे लागवडीच्या वेळीच डोळ्यांनी पाहावे. प्रवाशाला स्वतःच्या सामानातून २६० युरोंपर्यंतच्या वस्तू आणण्याची सवलत आहे, ती व्यापारासाठी नाही; पोतीभर बटाटे मोटारीच्या डिकीत घालून थोडे थोडे आणण्याचा सल्ला मला एकाने दिला होता, तो कुणी ऐकू नये. आणि उलट दिशेने, म्हणजे दक्षिणेतून उत्तरेत, काही विकायचे असेल तर तिथलेही निर्बंध आहेत आणि तेही तितकेच चिवट आहेत.

माल गोदामात आला म्हणजे विकला गेला, असेही समजू नये. दोन हॉटेलांनी बटाटे आनंदाने घेतले. एका दुकानदाराने बटाटा हातात घेऊन त्याची तारीफ केली, मग तो कुठला आहे हे विचारले आणि परत पेटीत ठेवला. त्याचे गिऱ्हाईक विचारील, एवढेच तो म्हणाला. बिलावर मूळस्थान स्पष्ट लिहायचेच, हा मालकांचा आग्रह होता आणि मला तो पटतो, जरी त्यामुळे काही पेट्या बऱ्याच खालच्या भावाने काढाव्या लागल्या.

शेतकऱ्याने पुढच्या लागवडीचे बेणे मागवले आहे. मालकांच्या डोक्यात आता उत्तरेतल्याच ग्युझेलयुर्तची संत्री घोळत आहेत आणि त्यांनी मला तज्ज्ञांची वेळ घ्यायला सांगितले आहे. मी आधी टेम्पोवाल्याला फोन लावला आहे.