यशिकाचं शटर आणि न येणारा पार्ट

"पार्ट मुंबईला सांगितलाय सर, सोमवारी येतोय." हे वाक्य मी फेब्रुवारीपासून जूनपर्यंत ऐकलं. कुठला सोमवार, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

कॅमेरा बाबांचा. यशिका मॅट १२४जी, एकाखाली एक दोन भिंगांचा, वरून डोकावून फोटो काढायचा. नोकरी सांभाळून बाबा लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचे, त्या सगळ्या यावरच. १२०च्या एका रोलमध्ये १२ फोटो, म्हणून मुंडावळ्या सरळ झाल्याशिवाय बटण दाबायचे नाहीत. ते गेल्यावर कॅमेरा कपाटात गेला तो यंदा काढला. हँडल फिरत होतं, बटण दाबल्यावर 'टक्' वाजत होतं, पण उजेड आत सोडणारी शटरची पाती जागची हलत नव्हती. दहा-बारा वेळा दाबल्यावर एकदा उघडली ती उघडीच राहिली आणि मग पेंगत पेंगत मिटली.

आमच्या कोल्हापुरात मध्यवस्तीतल्या एका दुकानात दिला. दुकानाचं नाव लिहीत नाही, तिथं अजून माझे ५०० रुपये आहेत. मालकानं कॅमेरा हातात घेतला, हँडल एकदा फिरवलं आणि न उघडताच सांगितलं, "शटरचा पार्ट गेलाय." चिठ्ठी दिली, तीवर फक्त 'कॅमेरा १, जुना'. मी ती खिशात घातली. इथंच चुकलं. चिठ्ठीवर मॉडेल, बॉडीचा नंबर आणि दोन्ही भिंगांवरचे नंबर लिहून घ्या. दुकानदाराच्या कपाळाला आठी पडली तरी चालेल.

मार्चमध्ये पार्ट 'निघाला'. एप्रिलमध्ये दुकानातला पोरगा जोतिबाच्या यात्रेला गेला होता आणि पार्ट कुठं ठेवलाय ते त्यालाच ठाऊक होतं. दर खेपेला राजारामपुरीतून निघायचं, गाडी लावायला जागा शोधत दोन चकरा मारायच्या आणि काउंटरवर पासपोर्ट फोटोवाल्यांच्या मागं उभं राहायचं. मालक मला बघितल्या बघितल्या फोन कानाला लावायचा. पलीकडं कुणी होतं की नाही, देव जाणे.

मेमध्ये नवीन कारण निघालं. "सर, ह्याचा सेलच मिळत नाही. सेल नसंल तर शटर कसं चालणार?" मला पटलं! भर उन्हात लक्ष्मीपुरी ते शाहूपुरी घड्याळाची दुकानं पालथी घातली. रात्री घरी बसून या कॅमेऱ्याबद्दल वाचलं तेव्हा डोकं फिरलं. १२४जीमध्ये पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा सेल लागायचा आणि तो आता बनत नाही, एवढं खरं आहे. पण तो सेल फक्त वरचा प्रकाश मोजणारा काटा हलवतो. शटरचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. शटर स्प्रिंगवर आणि घड्याळासारख्या चाकांवर चालतं, सेल काढून फेकला तरी चालतं. म्हणजे चार महिने ज्याच्या भरवशावर होतो, त्याला ही मूळ गोष्टच माहीत नव्हती.

जूनमध्ये गेलो तर म्हणे, "तुमचा कॅमेरा पुण्याला कारागिराकडं पाठवलाय." आणि त्याच्या डोक्यामागच्या फळीवर, फ्रेमांच्या खोक्यांच्या वर, बाबांच्या चामडी कव्हरचा पट्टा लोंबत होता. त्या पट्ट्याला आईनं काळ्या दोऱ्यानं शिवलेला टाका आहे, तो मी दहा फुटांवरून ओळखला. "मग ते काय?" म्हटल्यावर मालक शांतपणे वळला, कॅमेरा काढून फडक्यानं पुसला. "परत आला वाटतं." आगाऊ दिलेले ५०० मागितले, तर ते चेकिंगचे झाले म्हणाला.

याच गावात मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला होता. खरी कॉर्नरला त्याची आठवण म्हणून स्तंभ उभा आहे. त्या दिवशी घरी जाताना मुद्दाम तिकडून गेलो आणि आणखीच चिडलो.

पुढचं काम मात्र एका दिवसात झालं, आणि ते मी आधीच करायला हवं होतं. कॅमेऱ्याच्या दुकानात विचारू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकात लग्नं काढणाऱ्या फोटोग्राफरांना गाठा आणि 'तुमचा यशिका कोण दुरुस्त करायचं?' एवढंच विचारा. दोघांनी एकच नाव सांगितलं. मंगळवार पेठेत राहणारे, आता पंचाहत्तरीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणतात.

मामांनी कॅमेरा कानाशी धरून बटण दाबलं आणि परत माझ्या हातात दिला. "पार्ट-बिर्ट काय न्हाई. त्याल वाळलंय. पण अवो, भर पावसात कशाला आणलाईसा? नदी पात्रात जाऊ द्या, मग या." आत ओल कोंडली तर भिंगाला बुरशी येते, म्हणून पावसाळ्यात ते कॅमेरा उघडतच नाहीत. मग काय, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज बघायला लागलो. ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली तेव्हा शेजारी शिरोलीच्या रस्त्याची काळजी करत होते आणि मी शटरची. बायकोनं हसून घेतलं. पण गंमत बघा, या दीड महिन्याचा मला राग आला नाही. का थांबायचं ते माणसानं सांगितलं होतं.

गणपती झाल्यावर उघडीप बघून गेलो. मामांनी पुढच्या भिंगाचं कडं मला दाखवलं. खाचांत जुना मळ गच्च बसलेला, म्हणजे दुकानात कुणी हातसुद्धा लावला नव्हता. कडं सोडवून भिंग काढलं, काडीला कापूस गुंडाळून व्हाइट पेट्रोलनं पाती पुसली. कापूस तपकिरी झाला. बटण दाबायचं, पुसायचं, वाळू द्यायचं, असं तीन-चार वेळा केल्यावर पाती खटकन उघडमीट करायला लागली. मंद वेगांचं काम वेगळं होतं. १ सेकंदावर लावलं की ते तीन सेकंद घुरघुरायचं, त्याची चाकं धुवायला दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. १२०० रुपये घेतले. मी जास्त देत होतो, घेतले नाहीत.

घरी स्वतः तेल सोडायचा मोह टाळा. शिलाई मशीनचं तर नाहीच, डब्ल्यूडी-४०ही नको. ते पात्यांवर पसरतं आणि धूळ धरून पुन्हा चिकटतं. पाती कागदासारखी पातळ असतात, बोटानं ढकलायची नाहीत. सेल्फ टायमरचा खटका जुन्या कॅमेऱ्यात ओढू नका. मामांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्याकडं येणाऱ्या निम्म्या केसेस तिथंच अडकलेल्या असतात. कपाटात ठेवताना हँडल फिरवून शटर चढवून ठेवायचं नाही, आणि महिन्यातून एकदा रिकामाच सगळ्या वेगांवर चालवायचा.

पहिला रोल रंकाळ्यावर काढला. बारापैकी अकरा आले. बारावा माझ्याच हातानं हलला.

आणि हो, लिहायचं राहिलंच. दुरुस्त झालेला कॅमेरा ताब्यात घेताना रोल घालायच्या आधी मागचं दार उघडा, उजेडाकडं धरा आणि १ सेकंदावर बटण दाबून भिंगातून आरपार बघा. पाती पूर्ण उघडतात का, पूर्ण मिटतात का, हे तिथंच, दुकानदारासमोर.