आमची वाटचाल : मकरपुऱ्यातली शेड आणि शनिवारची बिलं

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, आमची एक शेड आहे. ट्रान्सफॉर्मरला लागणारे पितळेचे आणि तांब्याचे सुटे भाग आम्ही तिथे करतो. टर्मिनल, स्टेम, फ्लँज, नट, असं सगळं. पितळी सळया जामनगरहून येतात आणि लेथखाली साचलेला चुरा वितळायला परत तिकडेच जातो. शहराभोवती ट्रान्सफॉर्मरचे कारखाने आहेत म्हणून आमच्यासारख्यांची चूल पेटते.

दांडिया बाजारातल्या आमच्या घरात धंदा कुणी केलेला नव्हता. आजोबा सरकारी कारकून. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं, रंगकामापासून यंत्रकामापर्यंत हाताची विद्या शिकवली, पण आमच्या आळीतल्या बहुतेकांनी ती शिकून नोकरीच धरली. बाबांनी जुन्या लेथवर जॉबवर्क सुरू केलं तेव्हा नातेवाईक हळहळले होते. चांगल्या घरातला मुलगा आणि हात तेलाचे!

बाबांनी धंदा शेजारच्या गुजराती शेडवाल्यांकडे बघून शिकला. दिवाळीनंतर लाभपाचमीला मुहूर्त करून कामं सुरू होतात. त्या दिवशी नव्या चोपड्यात, म्हणजे हिशेबाच्या वहीत, मागचं देणं ओढून आणायचं नाही, हे त्यांनी तिथून उचललं. पुढे त्यांनी ते वर्षावरून आठवड्यावर आणलं. प्लेटिंगवाला (भागांना मुलामा देणारा), बफिंगवाला (घासून चकाकी आणणारा), लाकडी पेट्या करणारा, या तिघांची बिलं शनिवारी चुकती. आजही तसंच चालतं.

ऐकायला सोपं आहे. आमचे स्वतःचे पैसे मात्र तीन-तीन, चार-चार महिन्यांनी येतात. मधली फट बँकेच्या सीसीने, म्हणजे कॅश क्रेडिटच्या उचलीने, भरावी लागते. समजा या तिघांचं मिळून महिन्याला दोन लाखांचं काम आहे आणि ते आम्ही बाजाराच्या रिवाजापेक्षा दोन महिने आधी देतो. म्हणजे चार लाख कायमचे अडकले. दहा टक्क्यांनी वर्षाला चाळीस हजार व्याज. हा खर्च आम्ही दरात धरतो, लपवत नाही. उलट बाजूला काय होतं ते कुणी मांडत नाही. प्लेटिंगवाल्याला टाकीतली रसायनं रोखीने आणावी लागतात. पैसे अडकले की तो दरमहा तीन टक्के व्याजाने खासगी उचल घेतो. म्हणजे ज्या पैशाचं आम्हाला वर्षाला दहा टक्के पडतं, त्याचं त्याला छत्तीस पडतं. आमच्या साखळीत सगळ्यात महाग पैसा सगळ्यात गरीब माणूस वापरतो. छोट्या मालकाने समाजासाठी काय करावं, असं कुणी विचारलं की मला गणपतीच्या वर्गणीआधी हे गणित आठवतं. वर्गणीही देतोच.

कायदा आहे. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या ‘बँक रेट’ या व्याजदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. हे मी आमच्या प्लेटिंगवाल्याला समजावून सांगितलं. तो हसला. ‘‘भाऊ, व्याज मागीए तो ग्राहक जाय.’’ खरं आहे. आम्हीही आमच्या मोठ्या ग्राहकाकडे कधी मागितलेलं नाही.

बदल झाला तो आयकरामुळे. कलम ४३बी (एच) आलं आणि आकारणी वर्ष २०२४-२५ पासून, मुदतीत न दिलेलं बिल त्या वर्षाच्या खर्चात धरता येईना. पैसे देईल त्याच वर्षी वजावट. मग मार्चमध्ये कधी न वाजणारे फोन वाजायला लागले. हे संरक्षण उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, असलेल्यांना; म्हणून एका खरेदीदाराने तर ‘तुमची उद्यम नोंदणी रद्द करता का’ असं गोड आवाजात विचारलं. आम्ही नाही म्हटलं. ती ऑर्डर पुढच्या खेपेला आली नाही.

याच सुमारास आम्ही आमच्या तिन्ही कामवाल्यांची उद्यम नोंदणी करून दिली. ती मोफत होते, आधार आणि पॅन लागतो. एजंट उगाच पैसे घेतात. आमचे सीए म्हणाले, ‘‘अहो, तुम्ही स्वतःच्याच गळ्यात फास अडकवताय.’’ शनिवारी पैसे देणाऱ्याला ४५ दिवसांची भीती कसली? सळ्यांचा व्यापारी मात्र या मुदतीच्या नियमात बसत नाही, कारण हे संरक्षण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, व्यापाऱ्यांना नाही. त्याच्याशी आपला आपला हिशेब.

याचा फायदा आम्हालाही होतो, खोटं कशाला बोलू. दिवाळीआधी सगळ्यांची घाई असते तेव्हा प्लेटिंगच्या टाकीत आमचा लॉट आधी उतरतो.

तरसालीच्या आयटीआयची मुलं आम्ही अप्रेंटिस म्हणून घेतो. तीसपेक्षा कमी माणसांच्या कारखान्याला ती सक्ती नाही, तरी घेतो. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल दीड हजारापर्यंत, सरकार देतं. मायक्रोमीटर नीट धरायला लागली की बरीचशी मोठ्या कंपनीत जातात. शेजारी चिडवतात, जाऊ देत. त्यातल्या एकाने पुढे स्वतःचं सीएनसी (संगणकावर चालणारं) यंत्र टाकलं, आता जास्तीचं काम त्याच्याकडे जातं आणि शनिवारच्या यादीत चौथं नाव त्याचं आहे.

कामवाल्यांशी आम्ही केलेला करार अर्ध्या पानाचा आहे, गुजरातीत. दर, माल परत करण्याची मुदत, नापास झालेला माल कुणी भरायचा आणि पैशांचा दिवस, एवढंच त्यात आहे. मकरपुऱ्यात कुणाला नमुना हवा असेल तर शेडवर यावं, झेरॉक्स काढून देऊ.